कुआला तेराताईची काशीकाकू

मरुबन मराठी मंडळ, दोहा, या संस्थेच्या साहित्य उपसमितीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी ठीक दहा वाजता, म्हणजे पावणेअकराला, अध्यक्ष महिपतराव सरपोतदार यांच्या मुऐदरमधल्या व्हिलात भरते. उपसमितीत माणसं चार. अध्यक्ष महिपतराव, भाषाशुद्धी-प्रमुख अंजनाताई राजाध्यक्ष, टंकलेखन आणि चहा या दोन्ही खात्यांच्या प्रमुख लिझी तुस्कानो, ज्या मूळच्या वसईच्या आणि इथे एका हॉस्पिटलात नर्स आहेत, आणि चिटणीस म्हणून मी, कारखानीस. इतिवृत्त मी लिहितो. त्यामुळे खाली जे सांगतो आहे ते सगळं खरं आहे आणि त्यातलं फारसं काही इतिवृत्तात नाही.

२००२ सालच्या फेब्रुवारीच्या बैठकीपुढे महाराष्ट्र दिनाच्या स्मरणिकेतला विशेष विभाग ठरवण्याचं काम होतं. आदल्या वर्षी 'आखातातील पर्जन्यमान आणि मराठी मन' असा विभाग काढला होता. तो दीड पानात आटोपला, कारण पर्जन्यमानच तेवढं होतं.

महिपतराव नुकतेच कंपनीतर्फे व्हॉल्व्हच्या एका परिषदेला क्वालालंपूरला जाऊन आले होते. त्यांनी टेबलावर एक जांभळी पिशवी ठेवली.

"हॉटेल एकच, हॉल दोन," ते म्हणाले. "एकात व्हॉल्व्ह आणि दुसऱ्यात साहित्य. मी चुकून साहित्यात शिरलो."

"मग लगेच बाहेर नाही आलात?" लिझीने विचारलं.

"तिथलं जेवण बरं होतं," महिपतराव प्रामाणिकपणे म्हणाले.

पिशवीवर परिषदेचा विषय छापलेला होता. महिपतरावांनी परतीच्या विमानात त्याचं मराठी करून ठेवलं होतं. ते त्यांनी उभं राहून वाचलं: 'मलय कादंबरीतील आंतरसंहितात्मकता आणि अल्पसंख्याक संस्कृती.' एवढा लांब विषय मंडळाला आजवर मिळाला नव्हता.

"आंतरसंहितात्मकता म्हणजे नेमकं काय?" मी लिहिता लिहिता विचारलं. स्पेलिंग विचारायची सोय मराठीत नाही, म्हणून अर्थ विचारला.

"एका पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाचे सूर ऐकू येणं," अंजनाताई म्हणाल्या. "जुनी गाणी, जुन्या गोष्टी नव्या लेखनात झिरपतात ना, ते."

"आमच्या सिन्नरला याला उचलेगिरी म्हणतात," मी म्हणालो.

"सिन्नरला घडली तर उचलेगिरीच," अंजनाताई म्हणाल्या. "परदेशात घडली की आंतरसंहितात्मकता."

ही व्याख्या मी इतिवृत्तात घेतली. विषय एकमताने मंजूर झाला. मलय भाषा चौघांपैकी कोणालाच येत नसल्यामुळे मतभेदाला जागाच नव्हती.

पुढचा विषय होता फजल मुकादम यांची कथा. फजलभाई दहा वाजल्यापासून बाहेरच्या सोफ्यावर बसून होते. दहा म्हटलं की दहाला येणारा मंडळात हा एकच माणूस, कारण त्यांना मेसईदहून कंपनीच्या बसने यावं लागतं आणि बसला मराठी वेळ कळत नाही. गडी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा, इथे मेसईदच्या एका खत कारखान्यात स्टोअरकीपर. गेली सहा वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकात खानसाहेबांची भूमिका फजलभाईच करतात. त्यांचं मराठी चोख, त्यामुळे भूमिकेसाठी ते बिघडवावं लागतं. 'मी तुम्हाला सांगितलं होतं' हे वाक्य 'हम तुमको बोला था ना' असं म्हणायला अंजनाताई त्यांना दरवर्षी तीन आठवडे शिकवतात. तरी एखाद्या तालमीत ते चुकून नीट बोलतात आणि अंजनाताई ओरडतात, "फजलभाई, भूमिकेत या!" त्याच नाटकात लिझी फ्रॉक घालून मेरी होते. लिझीची आई वसईला जन्मभर लाल लुगडं नेसली, पण प्रेक्षकांना लुगड्यातली मेरी पटत नाही असं अंजनाताईंचं निरीक्षण आहे.

फजलभाईंना ही कथा छापून यायला हवी होती आणि त्यामागे हौस नव्हती. त्यांची मुलगी तसनीम सहावीत होती. मंडळाच्या सहलीत एका मुलाने तिला सांगितलं होतं, "यू कान्ट बी मराठी. यू आर मुस्लिम." मुलगा कोणाचा याची चौकशी आम्ही केली नाही, कारण तो कोणाचाही असू शकत होता. पोरीने ते मनाला लावून घेतलं. त्यातच तिच्या शाळेने सातवीपासून मराठीचा तास सुरू करायची तयारी दाखवली होती. अट एकच, किमान आठ मुलं हवीत. मंडळाची कुटुंबं दोनशे साठ. नावं आली सात. आठवं नाव तसनीमचं पडावं अशी फजलभाईंची फार इच्छा, आणि तसनीमचं म्हणणं, "इट्स नॉट आवर लँग्वेज, अब्बा."

"दटावून सही घेतली असती मी," फजलभाई मला म्हणाले होते, "पण तसं नको. तिला आपणहून वाटायला हवं. मराठी पुस्तकात बापाचं नाव छापलेलं दाखवतो. आज्जीची ओवी दाखवतो. मग बघू काय म्हणते ती बाय."

कथेचं नाव होतं 'आईचं जातं'. फजलभाईंचे वडील गलबतावर जात. आई शेजारच्या काशीकाकूंचं जातं वापरी. दोघी समोरासमोर बसून दळत आणि दळता दळता म्हणत,

गलबत गेलं दर्यात, दिवा लाविते दारात,
धन्याची माझ्या खबर, लाट सांगते कानात.

एवढीच कथा. एका वर्षी गलबत परत येत नाही आणि काशीकाकू जातं कायमचं यांच्या पडवीत आणून ठेवते. मी ती आदल्या दिवशी वाचली होती. वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून वाचली होती. मात्र वैयक्तिक मतं मी बैठकीत मांडत नाही.

फजलभाईंना आत बोलावून महिपतरावांनी चष्मा लावला. "फजलभाई, कथा उत्तम आहे. अडचण छोटीशी आहे. यातली माणसं मुसलमान आहेत हे वाचकाला कळणार कसं?"

"नावं आहेत की. जन्नतबी आहे, दाऊद आहे."

"नावं आहेत हो. पण बोलतात मराठी."

"रत्नागिरीत दुसरं काय बोलणार?"

"तेच तर म्हणतो मी. वाचक गोंधळतो. आता हे पाहा, आईला आई म्हटलंय. तिथे अम्मीजान केलं तर?"

"माझ्या आईला कोणी अम्मीजान म्हणून हाक मारली असती तर तिने मागे वळून बघितलं असतं, कोण पाहुणी आली म्हणून."

अंजनाताईंनी पान उलटलं. "आणि हे यांच्या घरात सांदणं करतायत. बिर्याणी कुठेच नाही?"

"फणसाच्या दिवसांत सांदणं करतात, ताई."

"सांदणं आमच्याकडे करतात," अंजनाताई जरा दुखावून म्हणाल्या. "आणि ही काशीकाकू. यांच्या घरात तिची इतकी ये-जा कशाला? तिला जरा कमी करा. ओवीचंही तसंच. ती काशीकाकूंची असणार."

"जातं काशीकाकूंचं. ओवी कोणाची ते दोघींना पण ठाऊक नव्हतं."

"म्हणजे उचललेलीच," अंजनाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वीकृती-प्रपत्राच्या शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं: 'मौलिकतेचा अभाव. अल्पसंख्याकांचं चित्रण अस्सल वाटत नाही.'

फजलभाईंनी शेरा वाचला, कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. "म्हणजे मी माझ्यासारखा वाटत नाही," ते म्हणाले. "बरं." त्यांना बाराची बस गाठायची होती.

मार्च संपत आला तेव्हा विशेष विभागात महिपतरावांचं चार पानी मनोगत होतं, अंजनाताईंचा 'आंतरसंहितात्मकता: काही दिशा' हा नऊ पानी लेख होता आणि मलेशियाचा नकाशा होता. नव्हती फक्त मलय कादंबरी. ती मिळवण्याची जबाबदारी माझ्यावर टाकलेली होती. दोह्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत मला इंग्रजी कादंबऱ्या मिळाल्या, अरबी मिळाल्या. एका दुकानदाराने "साब, ये ले जाओ, अच्छी है" म्हणून मल्याळम कादंबरी हातात ठेवली आणि मी दोन दिवस तिच्यावरही विचार केला. स्मरणिका छपाईला मुंबईला पाठवायची तारीख दहा एप्रिल.

शेवटी लिझीच्या घरी गेलो. स्मरणिकेची मजकूरजुळणी तिच्याच कम्प्युटरवर चालते. माझी रड ऐकून घेत ती टाइप करत राहिली.

"फजलभाईंची कथा माझ्याकडे पडलीय टाइप करून," ती म्हणाली. "गावाचं नाव बदला, आईला दुसरं काहीतरी म्हणा आणि सांगा मलेशियाची म्हणून. बघा कशी नाचत घेतील!"

"वा! लिझी, काय डोकं आहे!" मी म्हणालो.

ती थट्टा करत होती हे मला फार पुढे कळलं. त्या क्षणी मला फक्त दहा एप्रिल दिसत होता.

दोन तासांत काम झालं. कथेचा झाला एका मलय कादंबरीतला उतारा. गावाचं झालं कुआला तेराताई. आईचं झालं एमाक. मलयमध्ये आईला तसं म्हणतात, हे जांभळ्या पिशवीतल्या एका पत्रकात सापडलं. सांदणाचं झालं 'तांदूळ व फणसाचा एक पारंपरिक वाफवलेला पदार्थ'. जन्नतबी आणि दाऊद जसेच्या तसे चालले. काशीकाकूंना धक्का लावावा लागला नाही, कारण भारतीय माणसं मलेशियातही आहेत; फक्त अंजनाताईंची सूचना लक्षात ठेवून त्यांची ये-जा कमी केली. लेखकाचं नाव हवं होतं. त्याच पिशवीत महिपतरावांच्या हॉटेलातली कपडे धुतल्याची पावती निघाली. तिच्यावर सही होती, ओस्मान बिन यासिन. नाव भारदस्त वाटलं.

पण फजलभाईंना न विचारता हे करणं मला प्रशस्त वाटेना. म्हणून करून झाल्यावर विचारायला मेसईदला गेलो. त्यांची बायको हमिदा हिने चहा दिला. तसनीम आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून आम्ही हळू बोललो.

"म्हणजे माझीच गोष्ट मी मलयमधून मराठीत आणली?" फजलभाईंनी विचारलं.

"कागदोपत्री."

"मला मलय येत नाही."

"समितीलाही येत नाही."

"आणि माझं नाव?"

"अनुवादक म्हणून. ठळक अक्षरांत."

हमिदा म्हणाली, "नको गो बाई असली भानगड," आणि कप उचलून आत गेली.

"ओवी आहे ना त्याच्यात? बदललीत नाही ना?"

"अक्षराला हात लावला नाही."

"नाव येतंय, ओवी येतेय," फजलभाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "गावाचं मी तिला घरी समजावीन. चला, यल्ला, छापा."

मला वाईट वाटलं. खोटं सांगत नाही, खरंच वाटलं. पण परतीची बस निघायला दहा मिनिटं उरली होती.

पाच एप्रिलच्या बैठकीत मी तो उतारा वाचून दाखवला. संपला तेव्हा अंजनाताईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

"काय सच्चेपणा आहे!" त्या म्हणाल्या. "एमाक! किती साधी हाक. आपल्याकडचा कोणी असता तर लगेच अम्मीजान वगैरे घालून मोकळा झाला असता."

"आणि ते गाणं," महिपतराव म्हणाले. "ऐकताना अगदी आपली ओवी वाटते."

"हीच ती आंतरसंहितात्मकता!" अंजनाताई म्हणाल्या. "लोकगीत कसं अलगद झिरपलंय. आपल्या लोकांना हे का जमत नाही कोण जाणे."

लिझीने कपात चहा ओतला तो बशीत सांडेपर्यंत. "अल्पसंख्याक कुठे आहेत पण यात?" तिने विचारलं. "मलेशियात मलय लोकच जास्त ना?"

विषयाचा अर्धा भागच हातचा जात होता. मग महिपतरावांनी मांडीवर थाप मारली.

"काशीकाकू!"

खरंच की. रत्नागिरीत काशीकाकूंचा अख्खा गाव होता, देऊळ होतं, ग्रामपंचायत होती. दोन तासांच्या टंकलेखनात बाई अल्पसंख्याक झाल्या होत्या. समितीने त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहायला सुरुवात केली आणि समितीला काय दिसलं, तर घोर अन्याय.

"संपूर्ण उताऱ्यात तिला तीन वाक्यं!" अंजनाताईंनी मोजून सांगितलं. "जातं देते आणि जाते. तिला मन नाही? घर नाही? शेजाऱ्याच्या घरात तिची काही ये-जा असेल की नाही? लेखकाने तिला वापरलंय नुसतं."

"आपल्या माणसाला परक्या साहित्यात ही वागणूक," महिपतराव म्हणाले. "आपण नाही बोलणार तर कोण बोलणार?"

ठराव क्रमांक सात: 'मलय कादंबरीकार अल्पसंख्याकांना साचेबद्ध रीतीने रंगवतात याबद्दल ही समिती तीव्र खेद व्यक्त करते आणि त्यांनी अल्पसंख्याकांना हाडामांसाची माणसं म्हणून पाहावं अशी विनंती करते.' ठराव एकमताने झाला. त्याची प्रत ओस्मान बिन यासिन यांना हॉटेलच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. उत्तर आलेलं नाही. ते गृहस्थ आजही इस्त्री करता करता आपण कोणाचं काय बिघडवलं याचा विचार करत असतील.

त्याच बैठकीत वर्षअखेरच्या नाटकाचं पात्रवाटपही झालं. खानसाहेब, फजलभाई. मेरी, लिझी.

तीन मेला, शुक्रवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. महिपतरावांनी प्रमुख पाहुणे म्हणून त्यांच्या कंपनीतले हिशाम नावाचे इंजिनियर आणले होते. सद्गृहस्थ मूळचे मलेशियाचे, जन्माने मलय. त्यांना स्टेजवर पाहिलं आणि मी मान खाली घालून इतिवृत्ताची वही उघडली. उतारा वाचायला अनुवादकालाच बोलावलं. फजलभाई नवा शर्ट घालून आले. आमच्या स्टेजवर खानसाहेबांच्या टोपीशिवाय ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि हॉलमध्ये सवयीने हशा पिकला. ते थांबले, हशा संपू दिला आणि पुढे वाचू लागले. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की आज हसायचं नाही. ओवी आली तेव्हा त्यांनी ती वाचली नाही. त्यांनी ती म्हटली, आईच्या चालीत, डोळे मिटून. मागच्या बाजूला जेवणाची भांडी मांडत होते तेही थांबले.

हिशामना कोणीतरी कानात इंग्रजीत सांगत होतं. त्यांना माइक दिला. मी देवाचं नाव घेतलं.

"ही कादंबरी मी वाचलेली नाही," ते इंग्रजीत म्हणाले, "पण माझी आजी समुद्राकडे तोंड करून असंच काहीतरी गुणगुणायची."

"प्रमाण मिळालं!" महिपतराव ओरडले आणि टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्यांत तिसऱ्या रांगेतली तसनीम उठून उभी राहिली. "दॅट्स दादीज साँग!" ती म्हणाली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "अब्बा, दॅट्स आवर दादीज साँग!"

फजलभाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्या एका वाक्यासाठीच तर चाललं होतं सगळं. "होय गो बाय," ते म्हणाले, "तुझ्या दादीचीच ती. रत्नागिरीची. ही गोष्ट पण तिचीच आहे, मी..."

महिपतरावांनी प्रेमाने त्यांच्या हातातला माइक घेतला. "पाहिलंत? अनुवादक मूळ कृतीशी एकरूप होतो तो असा! आणि मुलांनो, तसनीमने फार मोठा शोध लावला आहे. मलायातलं गीत रत्नागिरीच्या आजीकडे आलं कसं? गलबतातून! म्हणजे फजलभाईंचे पूर्वज कुठले?"

"मलायाचे!" पुढच्या रांगेतली मुलं ओरडली.

"शाबास!"

"तरीच," अंजनाताई शेजारणीला म्हणाल्या. "मला पहिल्यापासून वाटायचं, हे आपल्यातले नाहीत, पण गोड आहेत."

तिथल्या तिथे फजलभाईंना मलयवंशीय सन्माननीय पाहुणे-सभासद म्हणून घोषित करण्यात आलं आणि हिशाम यांच्या हस्ते शाल देण्यात आली. हिशामनी त्यांच्याशी मलयमध्ये दोन वाक्यं बोलून पाहिली. फजलभाई नुसते हसले. ते हसणं बघवलं नाही. लिझी उठली, "अहो, ही कथा..." म्हणाली, आणि तिला कोणीतरी जेवणाच्या टेबलाकडे बोलावलं, कारण चमचे कमी पडले होते. मी उभा राहून खरं काय ते सांगायला हवं होतं. पण मी इतिवृत्त लिहीत होतो.

दुसऱ्या आठवड्यात तसनीमने शाळेचा फॉर्म स्वतःच भरला. दुसरी भाषा या रकान्यात तिने सुंदर अक्षरात लिहिलं, मलय. शाळेच्या क्लार्कने फॉर्म परत पाठवला. अशी भाषा शाळेत नाही, तीस मेपर्यंत दुसरी निवडा.

त्यानंतरच्या शुक्रवारी फजलभाई माझ्या घरी आले. फॉर्म त्यांच्या हातात होता. त्यांनी चहा नको म्हटलं. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"ते राहू द्या. मी पण हो म्हटलंच होतं," ते म्हणाले. "तसनीमला मी बसवून सगळं सांगितलं. गोष्ट माझी, ओवी दादीची, गाव आपलं, मलायाचं सगळं खोटं. तिने ऐकून घेतलं. पोर हुशार आहे. म्हणाली, ठीक आहे अब्बा, असेल आपली भाषा. मग तिने विचारलं, मराठीच्या यादीतली सात मुलं कोण कोण आहेत?"

"कोण आहेत?" मी विचारलं. यादी चिटणीसाकडे असते, पण मी ती कधी नीट पाहिली नव्हती.

"तीन वसईची. लिझीताईंची स्टेफी आणि दुसरी दोघं. दोन आमच्या रायगडच्या सोहेलची. आणि इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप आहे त्या सोलापूरवाल्याचे दोन मुलगे. तो तर मंडळाचा सभासद पण नाही." फजलभाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला. "तसनीम विचारते, ज्यांनी मला सांगितलं की ही भाषा तुझी नाही, त्यांच्यातलं एक पण नाव इथे का नाही? देअर लँग्वेज, नो? मग त्यांना नको कशी? मला उत्तर सुचेना, कारखानीस. म्हणून तुमच्याकडे आलो. तुमचा निनाद पण सातवीतच जाणार. त्याचं नाव द्या. आठ होतील. निनाद बसला तर मी पण बसते म्हणते ती. नऊ होतील. तास सुरू होईल."

निनाद पलीकडच्या खोलीत होता. दार उघडं होतं आणि त्याला मराठी सगळं समजतं, फक्त त्याला ते वाचता येत नाही. मी आवाज खाली आणला. मी फजलभाईंना सांगितलं की तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, मराठी जगलीच पाहिजे, मी स्वतः त्यासाठी अकरा वर्षं इतिवृत्त लिहितोय. फक्त निनादचं काय आहे, त्याचा फॉर्म जानेवारीतच भरून झाला. त्याने फ्रेंच घेतलंय.

"बदलता येतो. मी विचारून आलोय," फजलभाई म्हणाले.

मी उठून निनादच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मग फजलभाई फॉर्म उचलून, "बरं, खलास," म्हणून गेले.

हे सगळं मी आता लिहून काढलं ते एवढ्यासाठी, की आज सत्तावीस तारीख आहे आणि आठवं नाव अजून हवं आहे. निनादला हे वाचून दाखवावं म्हटलं, तर तो म्हणाला, "लेटर, बाबा." तुम्ही मात्र इथवर वाचलंत, महिपतरावांना हसलात, अंजनाताईंना नावं ठेवलीत, मला तर भित्राच म्हणाला असाल. तुम्हाला मराठीची चाड आहे हे उघड आहे. तुमच्या घरात सातवीत जाणारं मूल असेल तर त्याचं नाव कळवा, फॉर्म मी भरतो.

काय म्हणालात? फ्रेंचला मार्क चांगले पडतात?

हो ना. फजलभाईंना मीही तेच सांगणार होतो, पण मला मराठीत ते बोलवेना.